दिवाण म्हणजे सव्वा मूल

आमच्या इमारतीत परवाना नसलेली वस्तू सहसा सापडायची नाही. लिफ्टला परवाना आहे आणि तो लिफ्टच्या आतच लावलाय, म्हणजे मधेच अडकलं तर निदान वाचायला काहीतरी असतं. चौथ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरला महापालिकेचा परवाना आहे. फाटकाबाहेरच्या भेळवाल्याकडे अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक आहे. त्यानं तो तिखट चटणीच्या डब्यावर चिकटवलाय. माझ्याकडे स्कूटरचा परवाना आहे, स्कूटर नाही. या सगळ्यात विनापरवाना चालणारी संस्था एकच, आणि ती माझ्याच हॉलमध्ये भरते. सकाळी साडेसातला सुरू होते आणि शेवटची आई ज्या लोकलनं येईल त्या लोकलला बंद होते.

हे पाळणाघर माझी बायको चालवते. डोंबिवलीतली आमची आख्खी गल्ली तिला काकू म्हणते, आणि दिवसभर तेच कानावर पडत असल्यामुळे हल्ली मीही म्हणतो. मी स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी शोधून अर्ज परत पाठवणं हे माझं आयुष्यभराचं काम. ‘सोबतची कागदपत्रे साक्षांकित नाहीत’ हे वाक्य मी झोपेतही शुद्ध लिहू शकतो. अशा माणसाच्या घरात नोंदणी नसलेला व्यवसाय राजरोस चालतो, आणि त्यात त्या माणसाचं अधिकृत पद ‘अहो, जरा ह्याला धरा’ एवढंच आहे.

तर परवा काकूच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप येऊन पडला. ‘पाळणाघरांसाठी नवे कडक नियम! परवाना नसल्यास कारवाई!’ पुढे लाल दिव्यांची रांग आणि शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ अशी आज्ञा. अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते. कुठंतरी काहीतरी भयंकर घडतं आणि मग नियम आठवतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली आणि सीसीटीव्हीत टिपलेला तो प्रकार सगळ्या वाहिन्यांनी दाखवला. त्या आठवड्यात आमच्याकडे मूल सोडायला आलेल्या आया दारात नेहमीपेक्षा जास्त रेंगाळायच्या. काकू त्यावर एक अक्षर बोलली नाही. आतलं लाकडी दार मात्र तिनं दिवसभर उघडं ठेवायला सुरुवात केली. बाहेरचं जाळीचं तेवढं बंद. येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल बघावं. सांगायचा मुद्दा, नियमच नकोत असं म्हणणारं आमच्याकडे कुणी नाही. भांडण आहे ते कुठले नियम, आणि कुणाच्या खर्चानं, याचं.

रविवारी मेगाब्लॉक होता, म्हणजे कुणाला कुठं जायचं नव्हतं. आसपासच्या पाळणाघरवाल्यांची सभा आमच्याकडे भरली. तळमजल्याच्या काकू आल्या, कॅमेरावाल्या मावशी आल्या, बालवाडीचा कोर्स केलेल्या आजी आल्या. नव्या टॉवरमधली एक तरुण मुलगीही आली. तिच्याकडे पाळणाघर नाही, डे-केअर आहे. मुलं तीच, वरणभात तोच. फी दुप्पट आणि भिंतीवर जिराफ.

सभेचा पहिला अर्धा तास पालकांवर गेला. तो विषय कुठल्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो, पण त्याशिवाय कोरम भरत नाही. मग पोहे झाले, आणि घरातला एकमेव शासकीय माणूस म्हणून मला तो निरोप मोठ्यानं वाचायला बसवलं.

वाचता वाचता माझ्यातला कारकून जागा झाला. हा एक कागद नव्हताच. कुणीतरी चार वेगवेगळ्या कागदांची गोधडी शिवली होती. एक तुकडा १९४८च्या कारखाना कायद्याचा, एक २०१७मध्ये दुरुस्त झालेल्या मातृत्व लाभ कायद्याचा, एक त्याच कायद्याखाली २०१८मध्ये केंद्रानं काढलेल्या पाळणाघरांच्या मार्गदर्शक सूचनांचा आणि एक बालहक्क आयोगानं खासगी प्ले-स्कूलसाठी काढलेल्या नियमावलीचा. मी तसं सांगू लागलो, पण काकू म्हणाली, “आधी वाचा, मग पांडित्य.” मी वाचलं.

“तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथं पाळणाघर बंधनकारक.”

तळमजल्याच्या काकूंनी बशी खाली ठेवली. “तीस? अहो, माझ्याकडे भांड्याची एक बाई टिकत नाही. तीस बायका कुठून आणू? आणि आणल्या तर मुलं कुठं ठेवू?”

हा कारखान्यांचा जुना नियम आहे, कामगार बायकांच्या मुलांसाठी मालकानं करायची ती सोय आहे, हे समजावण्यात माझा चहा गार झाला.

“आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा द्यावी.”

यावर क्षणभर शांतता पसरली. सगळ्या मनातल्या मनात वेळापत्रक मांडत होत्या. “सीएसएमटीहून डोंबिवलीला? चार वेळा?” कॅमेरावाल्या मावशी म्हणाल्या. “चार भेटी म्हणजे आठ फेऱ्या. जलद लोकल धरली तरी एका फेरीला तास सव्वा तास. ती बाई ऑफिसात जाणार कधी?” हीही तरतूद ऑफिसातल्या पाळणाघरासाठी आहे, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं पाळणाघराची सोय करायची आणि आईनं मधल्या वेळात जाऊन मुलाला बघायचं, असा कायदा आहे. डे-केअरवाली म्हणाली, “पण काका, असं पाळणाघर असलेलं ऑफिस तुम्ही पाहिलंय?” मी सरकारी कार्यालयाचा अनुभव आठवून पाहिला आणि पुढचं कलम वाचायला घेतलं.

“दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा.”

काकू उठली. शिवणाची टेप घेऊन आली आणि सभा चालू असतानाच तिनं हॉल मोजायला काढला. दहा बाय पंधरा, म्हणजे दीडशे चौरस फूट. बारानं भागलं तर साडेबारा मुलं. आमच्याकडे बारा. मला हायसं वाटलं. “थांबा,” काकू म्हणाली, “सामान वजा करायचं राहिलं.” सोफ्यानं अठरा चौरस फूट अडवले होते, म्हणजे दीड मूल. टीव्हीचं कपाट पाऊण मूल. शिवणयंत्र अर्धं मूल. आणि ज्यावर मी निवृत्तीनंतरचं आयुष्य आडवं घालवायचं ठरवलंय तो दिवाण सहा बाय अडीच, म्हणजे सव्वा मूल. बेरीज चार मुलं. हॉलमध्ये उरली जागा साडेआठांची. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सोफ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

“शक्यतो तळमजल्यावर असावं.”

तळमजल्याच्या काकूंनी पदर सावरला. त्या सभेत तेवढीच एक अट कुणाच्या तरी बाजूनं लागली होती. पण आमची काकू दुसऱ्या मजल्यावरची. “२६ जुलैला कुठं होता हो तुमचा तळमजला?” तिनं विचारलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता, गाड्या बंद होत्या, फोन लागत नव्हते. ज्यांचे आईबाप मुंबईत अडकले त्यांतली पाच मुलं रात्रभर आमच्याकडे होती, आणि पाणी शिरल्यामुळे तळमजल्याच्या काकू त्यांच्याकडच्या तिघांना घेऊन वर आल्या होत्या. दोघींनी मिळून आठ मुलांना खिचडी घातली होती. ते आठवल्यावर तळमजला आणि दुसरा मजला यांच्यात तह झाला. “कामाचे तास आठ ते दहा,” असं पुढचं कलम होतं. ते मी वाचलं तेव्हा दोघीही हसल्या.

“तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कर्मचारी, शिवाय मदतनीस.”

प्रशिक्षण म्हटल्यावर दोघी-तिघींना राग आला. स्वतःची दोन आणि दिरा-नणंदांची पाच वाढवली, आता प्रमाणपत्र कसलं आणायचं? तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या आजी बोलल्या. “ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणाचे चौरस फूट कुणी मोजले नव्हते.” सगळ्या खूश झाल्या. आजींनी त्यांना जेमतेम टाळीपुरता वेळ दिला. “पण त्याच ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच्या बायकांना शिकवून तयार केलं. मूल वाढवता येतं म्हणजे दहा मुलं सांभाळता येतात, असं त्यांना कधी वाटलं नाही. घशात शेंगदाणा अडकला तर काय करायचं, सांगा बघू?” दोघींनी पाठीत धपाटा घालायचं सांगितलं, एकीनं पाणी पाजायचं सांगितलं, आणि एकीनं देवाचं नाव घेतलं. आजींनी कपाळावर हात मारला. प्रशिक्षणाचं कलम विनातक्रार मंजूर झालं.

“मुलं हजर असताना प्लंबर, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन अशा बाहेरच्या व्यक्तींना आत प्रवेश नाही. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आवश्यक.”

आता मी बाहेरचा की कर्मचारी, यावर चर्चा झाली. बाहेरचा ठरलो तर सकाळी साडेसातला मला घर सोडावं लागणार. कर्मचारी ठरलो तर पोलीस ठाण्यात जाऊन चारित्र्याचा दाखला आणावा लागणार. “ती पडताळणी आमच्या वडलांनी तेव्हाच करायला हवी होती,” काकू म्हणाली. सभेत हशा पिकला. मी इतिवृत्तात त्याची नोंद घेतली नाही.

“सीसीटीव्ही असावा.”

यावर बोलायचा अधिकार कॅमेरावाल्या मावशींचा. त्यांनी मागेच स्वखुशीनं कॅमेरा बसवला आणि पालकांना पासवर्ड दिला. पालकांनी तो आजीआजोबांना दिला. आता सांगलीहून फोन येतो, “मावशी, पंखा जोरात आहे का हो?” नागपूरहून फोन येतो, “आमच्याकडे वरणात एवढा गूळ नाही घालत.” एका मुलीची आजी न्यू जर्सीत असते. इथं दुपारचे दोन वाजले की तिकडे पहाटेचे साडेचार, आणि त्या आजीला झोप नाही. मुलांना दुपारी झोपवायचं आणि मग फोनवर बोलून त्या आजीलाही झोपवायचं, असं मावशींचं दुहेरी काम झालंय. “कॅमेरा असावाच,” मावशी म्हणाल्या, “माझ्यावर कुणी आळ घेतला तर साक्षीदार आहे तो. पण बघणाऱ्यांनाही काही वेळ ठरवून द्या.”

असा तासभर प्रत्येक कलमाचा समाचार घेऊन झाल्यावर मला अखेर बोलायची संधी मिळाली. मी म्हटलं, “तुम्ही उगीच चिडलात. यातलं एकही कलम आज तुम्हाला लागू नाही. कारखान्याचं कारखान्याला, ऑफिसचं ऑफिसला, प्ले-स्कूलचं तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेला. चार कागदांत कुठंही ‘घरी मुलं सांभाळणारी बाई’ नाही.”

मला वाटलं, सगळ्या सुटकेचा श्वास टाकतील. त्या जास्तच भडकल्या.

“म्हणजे आम्ही कशातच नाही?” तळमजल्याच्या काकू म्हणाल्या. “या गल्लीतल्या निम्म्या बायका आमच्या जिवावर गाडीत चढतात, आणि आम्ही कुठल्या यादीत नाही?”

परवाना मागितला म्हणून राग आणि मागितला नाही म्हणूनही राग, हे माझ्या सेवेत मी प्रथमच पाहिलं. माझ्या टेबलासमोर उभे राहणारे लोक परवान्यासाठी यायचे किंवा परवान्यापासून पळायचे. दोन्ही एकाच वेळी करणारे हेच. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. कागदावर त्या ‘गृहिणी’ आहेत. कर्ज मागायला गेलं की व्यवसायाचा पुरावा नाही, आणि व्यवसायाचा पुरावा तयार केला की सोसायटी ‘व्यावसायिक वापर’ म्हणून जादा देखभाल मागणार, विजेचा मीटर बदलायची भाषा होणार, मालमत्ता कर घरगुतीचा बिगरघरगुती होईल की काय ही धास्ती. त्यांची भीती ही आहे, तपासणीची नाही. तपासणीला त्या कशाला भिताहेत? रोज बारा सासवांसमोर परीक्षा देतातच.

आणि नियमांचं म्हणाल, तर आमच्या काकूच्या राज्यात सरकारला लाजवतील इतके नियम आधीपासून आहेत. ताप असलेलं मूल आणायचं नाही, सकाळी औषध पाजून ताप उतरवून तर मुळीच आणायचं नाही. ती कपाळाला हात न लावता डोळ्यांवरून ओळखते. डब्यात बिस्किटं आणि पाकिटातले नूडल्स चालणार नाहीत. दोन जोडी कपडे, आणि त्यांना बटणं नकोत, नाडी हवी. मूल न्यायला ठरलेल्या माणसाशिवाय दुसरं कुणी आलं तर आईच्या तोंडून फोनवर ऐकल्याशिवाय मूल मिळत नाही, मग तो सख्खा मामा का असेना. एकदा एक मामा अर्धा तास जिन्यात बसला होता. हे नियम कुठं छापलेले नाहीत, त्यांवर अपील नाही आणि त्यांचं कलम मोडणाऱ्याला दंडही नाही. काकू नुसतं “असू दे” म्हणते, ते पुरतं. तिचा खरा आक्षेप नियमांना नाहीच. या घरात नियम करणारं दुसरं कुणीतरी येणार, याला आहे. तीही अडचण मी समजू शकतो. मी या घरात तेवढी वर्षं राहिलोय.

पुढच्या आठवड्यात पालकांना बोलावलं. पालक नियमांच्या बाजूनं होते, एकमुखानं आणि तावातावानं. कॅमेरा हवाच, प्रशिक्षित बाई हवीच, अग्निशामक हवा, मुलांचं प्रमाण कमी हवं. एका बाबांनी लॅपटॉपवर तक्ताही करून आणला होता. काकूनं तो नीट पाहिला आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं हिशेब मांडला. प्रशिक्षित मदतनीस बारा हजार, बारा मुलं, म्हणजे दरडोई एक हजार वाढ. प्रमाण कमी करायचं म्हणून मुलं बाराची आठ केली तर तोच पगार आठांत, म्हणजे दीड हजार. शिवाय गेलेल्या चार मुलांची फी उरलेल्या आठांवर. कॅमेरा वेगळा.

पेन्सिल खाली ठेवली गेली आणि खोलीतलं वातावरण एकदम घरगुती झालं.

“काकू, तुम्ही काय परक्या आहात का?” तक्तेवाले बाबा म्हणाले. “अहो, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर ठेवतो. नियम काय, ते त्या मोठ्या मोठ्या ठिकाणांसाठी असतात,” एक आई म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी जिला अग्निशामक हवा होता तीच ही. मूल सांभाळण्याचं मोल या देशात बहुधा विश्वासातच चुकतं करतात. विश्वासाला जीएसटी नाही आणि दरवर्षी वाढवायलाही लागत नाही. सरकार नियम लिहितं तेव्हा पैसे पालक देतील असं धरून चालतं, पालक नियम मागतात तेव्हा सरकार देईल असं धरून चालतात, आणि दोघांच्या मधे काकू एका हातानं मूल थोपटत दुसऱ्या हातानं बेरीज करत बसलेली असते. ती बेरीज आजवर जुळली, कारण त्यात तिनं स्वतःचा पगार कधी धरलाच नाही.

शेवटी ठरलं की शासनाला हरकती आणि सूचना पाठवायच्या. नव्या नियमांचा मसुदा अजून निघालेला नाही, हे मी निदर्शनास आणलं. “मग निघायच्या आधी पाठवू, निघाल्यावर कोण ऐकतंय,” आजी म्हणाल्या. माझ्या पूर्वीच्या खात्याचं त्यांचं हे आकलन अचूक होतं.

काकू सांगत गेली, मी शासकीय मराठीत लिहीत गेलो. “शेंगदाण्याचं शिक्षण सगळ्यांना फुकट द्या,” ती म्हणाली. मी लिहिलं, ‘प्रथमोपचार प्रशिक्षण शासनामार्फत निःशुल्क देण्यात यावे.’ “नाव नोंदवतो, पण घराचं दुकान करू नका,” ती म्हणाली. मी लिहिलं, ‘नोंदणीकृत गृहाधारित पाळणाघरांस निवासी दर लागू राहावेत.’ “मदतनीस बाईचा अर्धा पगार त्यांनी द्यावा,” हे मी जसंच्या तसं लिहिलं, कारण पैसे मागताना शासकीय भाषा वापरली तर समोरच्याला कळत नाही. “बघायला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात आणि एक ते तीनमध्ये बेल वाजवू नये.” लिहिलं. “आईबापांनी वेळेवर यावं.” लिहिलं, आणि विचारलं, “गाड्या बंद असल्या तर?” काकूनं जरा विचार केला. “कंसात लिहा, पावसाळा वगळून.”

मग सवयीनं मी अर्ज तपासला आणि त्यात त्रुटी निघालीच. अर्जाच्या नमुन्यात पहिलाच रकाना होता, आस्थापनेचा नोंदणी क्रमांक. नोंदणीबद्दल सूचना करायला नोंदणी क्रमांक हवा आणि आमच्याकडे नेमका तोच नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच दिवशी परत पाठवला असता, हे मी काकूला प्रामाणिकपणे सांगितलं.

“तिथं माझा मोबाइल नंबर घाला,” ती म्हणाली. “आणि खाली लिहा, फोन संध्याकाळी साडेसातनंतर करावा. त्याआधी मुलं असतात.”